अंगणवाडीतले अंगण

(तुळजापूर येथे पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘बालशिक्षण आणि खेळ’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया संकोचाची होती. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पदवी कला शाखेची, आयुष्य बातम्या लिहिण्यात गेलेले. बालशिक्षणाविषयी जे वाचले ते एका चुकीनंतर वाचले, आणि त्या चुकीविषयी मी पुढे बोलणारच आहे. मात्र या गावात या विषयावर उभे राहण्याचा एक अधिकार मला आहे. माझे बालपण महाद्वाराच्या उतारावर, कुंकवाच्या आणि परड्यांच्या दुकानांसमोर गेले. मला गणित कोणी शिकवले, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर आहे : कवड्यांनी.

भक्तांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळा तुटत. यात्रा ओसरली की आम्ही मुले रस्त्यावर सांडलेल्या कवड्या वेचत असू. पाच कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या आणि उताण्या किती, पालथ्या किती ते पाहायचे. तीन आणि दोन. चार आणि एक. कधी पाचही पालथ्या, म्हणजे ‘काहीच नाही’. शाळेत बेरीज शिकवली जाण्यापूर्वी पाच या संख्येची सगळी बिऱ्हाडे आम्हाला पाठ होती, आणि शून्य म्हणजे काय हेही. हे शिक्षण आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. उलट संध्याकाळी ‘दिवसभर उकिरडा उपसलास’ म्हणून धपाटा मिळे.

आमच्या गल्लीतील गोंधळ्याचा मुलगा माझ्याच वयाचा. तेलाच्या रिकाम्या डब्यावर दोन काटक्यांनी तो संबळ वाजवी. त्याच्या वडिलांनी त्याला कधी समोर बसवून बोल शिकवल्याचे मला आठवत नाही. तो गोंधळात मांडीला मांडी लावून बसे, ऐके, पेंगे, जागा होई आणि दुसऱ्या दिवशी डबा बडवी. आठव्या-नवव्या वर्षी खरा संबळ गळ्यात आला तेव्हा हात तयार होते. आमच्या बहिणींचेही तसेच. जगदंबा वर्षातून तीनदा मंचकी निद्रेला जाते : शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी. मोठी माणसे देवीला निजवतात हे पाहिलेल्या मुली घरी येऊन चिंध्यांच्या बाहुलीला खाटल्यावर निजवीत आणि ‘आवाज करू नका, आई निजलीय’ असे आम्हाला बजावीत. या एका खेळात किती गोष्टी होत्या याचा विचार आज करतो. दुसऱ्याची काळजी घेणे, क्रम सांभाळणे, आवाजावर ताबा ठेवणे, जे डोळ्यांसमोर नाही ते मनात उभे करणे. पाठ्यक्रमात लिहायचे तर चार पाने लागतील.

परंतु ही स्मरणरंजनाची गोष्ट आहे, आणि स्मरणरंजनावर माझा फारसा विश्वास नाही. खेळाचे महत्त्व मला जिथे कळायला हवे होते ती जागा वेगळी आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना उच्चारतानाही आवंढा येतो. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेत आलो होतो. काही आठवड्यांनी सास्तूरच्या बाजूला पत्र्याच्या निवाऱ्यांची बातमी करायला गेलो. पत्रे किती आले, किती गळतात, तक्रारी काय, हे टिपून घेत होतो. शेडच्या मागे पाच-सहा मुले काळ्या मातीत घर बांधत होती. दगडगोट्यांच्या भिंती, वर पुन्हा गोटे, आत काडेपेटीत निजवलेली चिंधीची बाहुली. घर पुरे झाले की एक पोरगा दोन्ही हातांनी जमीन गदगदा हलवी. घर पडे. मग सगळी ‘काढा, काढा’ असे ओरडत माती उपसत, काडेपेटी बाहेर काढत, आणि पुन्हा भिंती रचायला बसत.

जवळून जाणाऱ्या एका गृहस्थांनी खडसावले, ‘काय अभद्र खेळ मांडलाय रे!’ मुले पांगली. दाराशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘खेळू द्या हो. लेकरायला दुसरं काय करता येतंय?’ मुले परतली. या वेळी सात-आठ वर्षांच्या एका मुलीने छतावर गोटे ठेवले नाहीत. वहीचा कागद ठेवला. म्हणाली, ‘हे पडलं तरी लागत नाही.’

मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छत यांनी माणसे मारली, हे नंतर अभियंत्यांच्या अहवालांत वाचायला मिळाले. त्या मुलीने ते महिन्याभरात स्वतःच्या हातांनी, शंभर वेळा घर पाडून शोधले होते. मी पत्र्यांची बातमी दिली. मुलांच्या खेळाविषयी एक ओळही लिहिली नाही, कारण खेळ ही बातमी नसते अशी माझी समजूत होती. भय असह्य झाले की मूल ते खेळात उतरवते, आपल्या हाती घेते, पुन्हा पुन्हा घडवते आणि त्याचा शेवट बदलून पाहते, हे मला दहा वर्षांनी पुस्तकात सापडले. म्हातारीला ते आधीच ठाऊक होते.

मित्रहो, आता थोडे इतिहासाकडे वळू, कारण ‘खेळातून शिक्षण’ म्हटले की ते काहीतरी परदेशी, श्रीमंतांच्या शाळांतले, रंगीत प्लास्टिकचे आहे असा आपला ग्रह झालेला असतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी पहिले बालगृह उघडले, हे खरे. गरीब वस्तीतील, हे शब्द लक्षात ठेवा. भावनगरला गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. त्यांच्या कामाने ओढल्या गेलेल्या एक महाराष्ट्रीय विदुषी १९२३ मध्ये भावनगरला गेल्या. त्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. ‘शिक्षणपत्रिके’तून ताराबाई मराठी पालकांना मूल म्हणजे काय ते समजावीत राहिल्या. नाव झाले, प्रतिष्ठा मिळाली. इथे थांबल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता.

परंतु ज्या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात, १९४५ साली, त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी जे केले ते खेड्यातील दरिद्री मुलांसाठी करता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांत वैधव्य आले. अशा मुलीसाठी समाजाने माजघराचा कोपरा राखून ठेवलेला होता. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ मध्ये निधन होईपर्यंत, इतरांच्या मुलांच्या झाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला गुरे राखायची, कोणाच्या अंगावर धड कपडा नाही. आपल्याकडचा एखादा अधिकारी असता तर ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. या दोघींनी शाळा उचलली आणि वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरासमोरच्या अंगणात बसायचे. आधी मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. माँटेसरींची साधने महाग आणि दूरची. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, चिकणमाती आली. तत्त्व तेच राहिले, वस्तू गावच्या झाल्या. स्वदेशी या शब्दाचा याहून सरळ अर्थ मला ठाऊक नाही. जे चांगले आहे ते कुठूनही घ्यावे, पण आपल्या मातीत रुजेल असे करून घ्यावे.

अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथे गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा देशभरातील केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. दोन मराठी स्त्रियांनी एका किनारपट्टीच्या गावात जे केले, त्याचे नाव आज भारतातल्या गावोगावी दारावर रंगवलेले आहे.

नाव राहिले. आणि अंगण?

येथे बसलेल्या सेविका ताईंना मी काही सांगण्याची गरज नाही. वजन घ्यायचे, उंची मोजायची, आहार वाटायचा, लसीकरणाला माता आणायच्या, गरोदर स्त्रियांच्या घरी जायचे, सर्वेक्षणे करायची, मोबाईलमध्ये माहिती भरायची. मिळते ते वेतनही नव्हे, मानधन. यातून वेळ उरला तर बालशिक्षण. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पट्टी दाखवून ‘म्हणा रे’ एवढेच शक्य होते. हा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. रस्त्याच्या पलीकडे जी पाटी लागली आहे, तिथे तीन वर्षांचे मूल गळ्यात टाय बांधून, पाठीवर दप्तर घेऊन जाते, आणि मजुरी करणारी आईसुद्धा पोटाला चिमटा काढून त्याला तिथेच घालते. का? कारण तिथे वही मिळते. वहीत लिहिलेले दिसते. खेळलेले कुठे दिसते?

आता माझी चूक. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला एका नावाजलेल्या बालवर्गात घातले. नाव सांगत नाही, कारण दोष त्या शाळेचा होता त्याहून माझा अधिक होता. घालण्यापूर्वी तो दिवसभर एसटीची गाडी काढी. कधी अकरा चाके, कधी छतावर बकरी. दोन-तीन महिन्यांत त्याची वही भरू लागली. ठिपक्यांवरून गिरवलेला ‘अ’, पानामागून पान, एका उंचीचा. मी ती वही पाहुण्यांना दाखवीत असे. कौतुकाने दाखवीत असे. एकदा आईने, म्हणजे त्याच्या आजीने, त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि गाडी काढ म्हणाली. तो पेन्सिल धरून बसला आणि म्हणाला, ‘कशी काढायची ते आधी काढून दाखव.’

रात्री आई मला म्हणाली, ‘लेकरू आता इचारून हसायलंय की रं.’

त्या एका वाक्याने मी पुस्तकांकडे वळलो. कळले ते असे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसतातच, कूर्चा असते. ती एकेक करून, दहा-बारा वर्षांपर्यंत, पक्की होत जातात. साडेतीन वर्षांच्या हाताला एका उंचीचा ‘अ’ काढायला लावणे म्हणजे दुधाच्या दातांनी सुपारी फोडायला लावणे आहे. त्या हाताला हवे असते ते कणीक मळणे, माती थापणे, मणी ओवणे, वाळू ओतणे, कागद फाडणे. लिहिण्याची तयारी होते ती तिथे. आपण फळ आधी मागतो आणि मूळ उपटून पाहतो.

संख्येचेही तसेच. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणता येतात म्हणून आपण हुरळतो. त्याच्यासमोर सहा चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा आणि विचारा, सारखे आहेत का? ते ‘हो’ म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतले चिंचोके लांब-लांब सरकवा आणि पुन्हा विचारा, जास्त कुठे? बहुधा ते लांब रांगेकडे बोट दाखवील. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी हे अशाच साध्या प्रयोगांनी दाखवून दिले. मूल मठ्ठ नाही. त्याची बुद्धी अजून डोळ्यांच्या मागे मागे चालते. सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास ती डोळ्यांच्या पुढे जाते, आणि तोवर ते जितके चिंचोके, कवड्या, गजगे हाताळेल तितकी ती वाट सोपी होते. आकड्यांचे पाठांतर ही वाट चालून देत नाही.

भाषेविषयीही बोलले पाहिजे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागे, आणि मराठीतून राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी हिप्परग्यासारख्या शाळा उभ्या राहिल्या, जिथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिकवले. त्या पिढीने ज्या जाचातून सुटका मागितली तो आपण फी भरून विकत आणत आहोत, आणि तोही तीन वर्षांच्या मुलांसाठी. इंग्रजीला माझा विरोध नाही. माझ्या मुलाने ती शिकली, उत्तम शिकली, पण नंतर. आणि मराठीचा अभिमान बाळगताना हेही आठवले पाहिजे की नळदुर्गकडच्या तांड्यांवरील मुलांच्या घरची भाषा गोरबोली आहे. त्यांना आपली प्रमाण मराठीही पहिल्या दिवशी परकीच. ‘लई’ म्हणणाऱ्या मुलाला ‘फार म्हण’ असे दटावले की ते ‘फार’ म्हणायला शिकत नाही, गप्प राहायला शिकते. त्याच्या बोलीतले एक गाणे सेविकेला येत असेल तर अर्धी भिंत पडते.

सरकारी पातळीवर हे कोणाला कळलेच नाही असे नाही. यशपाल समितीने १९९३ मध्येच, भूकंपाच्या काही महिने आधी, लहान मुलांवरील ओझ्याचा अहवाल दिला आणि बालवर्गांच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या-मुलाखती बंद करा असे सांगितले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा वर्षांपूर्वीचे मात्र ‘राज्याने प्रयत्न करावा’ या सदरात राहिले. मधली तीन वर्षे बाजाराला मोकळी सापडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे प्रथमच एक सलग पायाभूत स्तर म्हणून धरली, आणि २०२२ मध्ये त्यासाठी आलेल्या आराखड्यात खेळ केंद्रस्थानी आहे. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची मांडणीही त्यात आली आहे. शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद, या क्रमाने. मला समाधान वाटले. पण आराखडा दिल्लीत छापला म्हणून तुळजापुरातल्या वर्गात आनंदमय कोश उघडत नाही, हेही पत्रकार म्हणून ठाऊक आहे.

येथे थोडे स्वकीयांशीही भांडतो. आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, आम्ही इंग्रजी कविता घोकून घेत नाही, आम्ही श्लोक शिकवतो, संस्कार करतो. पाठांतराचा मी द्वेष्टा नाही. संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून कानावर पडलेले रामरक्षेचे शब्द आयुष्यभर सोबत करतात. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला रंगमंचावर उभे करून, स्तोत्र चुकले म्हणून ढाल दुसऱ्या मुलीला देणे, आणि खाली उतरल्यावर आईने तिचा दंड दाबणे, हा संस्कार नव्हे. मी ते पाहिले आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. श्लोक संस्कृत असला म्हणून घोकंपट्टी सात्त्विक होत नाही.

दिवाळीनंतर आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुले बैलगाडीत, ट्रॅक्टरवर बसून जातात. अंगणवाडीच्या पटावर नाव राहते, मूल फडात असते. कुरणशाळा ज्यांना सुचली त्यांनी फडाच्या कडेला काय केले असते? साखरशाळांचे प्रयोग महाराष्ट्रात झाले, पण तीन ते सहा वयाचे लेकरू तिथेही बहुधा झोळीत किंवा बहिणीच्या कडेवरच राहिले. त्या बहिणीची शाळाही त्यामुळे बुडते. ज्या कार्यकर्त्यांना ‘काय करू’ असे विचारायची सवय आहे त्यांच्यासाठी हे एक काम सांगून ठेवतो. कारखान्याच्या तळावर, टोळी फडात गेल्यावर, दोन तास. इमारत लागत नाही. बोर्डीतही लागली नव्हती.

आणि पालकांनी सेविका ताईंना हे दोन तास मिळवून द्यावेत. ग्रामसभेत उभे राहून सांगावे की सकाळचे दोन तास या बाईंना कोणी नोंदवही घेऊन बोलावणार नाही. वहीत काही लिहून आले नाही म्हणून त्यांच्याकडे तक्रार करू नये. मूल घरी आल्यावर ‘आज काय शिकलास’ असे न विचारता ‘आज काय खेळलास’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत मोबाईल बाजूला ठेवावा.

माझा मुलगा आज मोठा झाला आहे, नोकरी करतो. छतावर बकरी असलेली एसटी त्याने पुन्हा काढली नाही. आम्ही त्याला त्या बालवर्गातून काढले, आजीपाशी ठेवले, ते बरेच भरून निघाले. ती बकरी मात्र परत आली नाही.

वेळ झाला आहे. दाराशी मी पिशवीभर चिंचोके आणून ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने बारा घ्या. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलासमोर दोन रांगा मांडा, एक लांबवा, आणि ते काय म्हणते ते ऐका. चुकले तर दुरुस्त करू नका. मग ते चिंचोके त्याच्याच हातात द्या आणि ते त्यांचे काय करते ते पाहत बसा.